बरडावरची नऊ कोंडाळी

ढाणकीच्या रस्त्यावर, मी जिथे पंधरा वर्षे शिकवले त्या गावाच्या फाट्यावर, एक मोठा फ्लेक्स लागला होता. मी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला, पुढच्या थांब्यावर उतरले आणि पिशवी सावरत चालत मागे आले. ढाणकीला बहीण जेवायला थांबली होती. तिला फोन करून सांगितले, तासभर उशीर होईल. प्रत्यक्षात त्या दिवशी मी तिच्याकडे पोचलेच नाही.

फ्लेक्सवर लिहिले होते, ‘गावाला अभिमान! हजारो वर्षांपूर्वीची शिळावर्तुळे आमच्या शिवारात.’ खाली सरपंचापासून सगळ्यांचे फोटो आणि मधोमध आमच्याच शाळेतले इतिहासाचे सर, आता निवृत्त, एका दगडी वर्तुळात कमरेवर हात ठेवून उभे. मी सरांकडे बघत नव्हते. त्यांच्या पायाशी, वर्तुळाच्या एका बाजूला काळ्या दगडांमध्ये एक पांढरी गारगोटी होती. ती गारगोटी मी ओळखत होते. ती गट क्रमांक पाचची खूण होती.

हे कसे, ते आधी सांगते. मी विज्ञानाची शिक्षिका. नोकरीला लागले तेव्हा याच गावच्या हायस्कुलात होते, नंतर उमरखेडच्या शाळेत बदली झाली. त्या सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांकडून वृक्षारोपण करून घेतले होते. गावाच्या वर एक बरड आहे, म्हणजे मुरमाड, दगडाळ माळ. तिथे एका शेतकऱ्याने आपल्या वावराचा वरचा कोपरा शाळेला झाडांसाठी वापरू दिला. सुटी सुटी झाडे शेळ्या खातात, म्हणून मी वेगळी पद्धत काढली. मुलांचे आठ गट केले. प्रत्येक गटाने एक मोठे गोल आखायचे, कडेने दगड लावायचे, दगडांवर बोरीच्या काट्या रचायच्या आणि आत पाच रोपे, कडुनिंब आणि करंज. कडेचे दगड काट्या धरून ठेवत. दोन उन्हाळ्यांत रोपे वाळली, काट्या चुलीत गेल्या, आणि माझी बदली झाल्यावर दगडांची वर्तुळे, गावच्या बोलीत कोंडाळी, तेवढी उरली. मग पावसाबरोबर वरून माती आली, गवत वाढले, दगड निम्मे बुडाले. आमचे इतिहासाचे सर या शाळेत आले ते मी गेल्यानंतर; आमची ओळख शिक्षकांच्या बैठकांतली.

फाट्यावरच्या पानठेलेवाल्याने मला ओळखले.

“मॅडम? लय दिवसानं! पाह्यलं का, आपलं गाव कुठच्या कुठं गेलं.”

“कोणाच्या वावरात सापडलं हे?”

त्याने सांगितले. ज्याने शाळेला जागा दिली होती, त्याचे आता वय झाले, वावर त्याची मुलगी करते. एकुलती एक. माझीच विद्यार्थिनी, त्या वेळी आठवीत.

“तिचे मातर वांधे झाले,” तो चुना लावत म्हणाला. “इहीर मंजूर झालती तिची. आता पुरातत्त्ववाले साहेब म्हणते, चौकशी होतवर खोदकाम बंद. अन् मार्चपर्यंत सुरू नाई केली त मंजुरी गेली.”

मी तिथूनच बरडाची वाट धरली.

ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून तुरीच्या शेंगा तोडत होती. चाळिशीकडे झुकलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. मला पाहून उठली नाही, हातातली शेंग हलवली फक्त.

“मले वाटलंच होतं, तुमी येसान. फलेक्स पाह्यला का?”

“पाहिला. पाचव्या गटाचा आहे.”

ती इतकी हसली की तुरीतले पाखरू उडाले. “म्या तिसऱ्या गटात होती, मॅडम. माह्या बोटावर दगड पडलता, हे पाहा, नख अजून वाकडंच हाये. म्या सरायले सांगतलं, हे आमी लावलेले दगड हायेत. त सर म्हणे, तू लहान होती, तुले आठवत नसंल. सरपंच म्हणे, तुले इहीर पाह्यजे म्हणून बोलते. आता सांगा. इहीर त मले पाह्यजेच, पण म्हणून नख का आपोआप वाकडं झालं?”

विहिरीची जागा तिने दाखवली. चार खुंट्या आणि चुन्याची रेघ, नेमकी तिसऱ्या कोंडाळ्यातून गेलेली. खालचे वावर सोयाबीन-तुरीचे, पाऊस गेला की कोरडे. शेजारच्याच्या विहिरीतून दोन वर्षे पाणी विकत... नाही, ते सगळे मी इथे लिहीत नाही. तिला पाणी हवे होते, आणि ते मिळायची वेळ आली असताना माझ्या हातची गोष्ट आडवी आली होती.

“तुमच्यापाशी वही असंल,” ती म्हणाली. “तुमी त आमच्या डब्यातल्या पोळ्याबी लिहून ठेवत होत्या.”

पोळ्या मी कधी लिहिल्या नाहीत. पण वही होती.

निघायच्या आधी मी सगळी वर्तुळे फिरून पाहिली, पावलांनी मोजली आणि पिशवीतल्या एका पावतीच्या मागे लिहिली. आठ वर्तुळे साधारण एकाच मापाची, आठवीच्या मुलाच्या दहा पावलांची. उताराच्या टोकाला, कोरड्या नाल्याकडे, आणखी एक होते. मोठे. त्याचे दगड हाताने उचलण्यासारखे नव्हते, आणि बरेचसे मातीच्या इतके आत गेलेले की वर फक्त पाठ दिसत होती. एका बाजूला ते तुटलेले होते, मोठी फट होती. मी पुन्हा मोजले. नऊ.

माझ्या जुन्या वह्या उमरखेडच्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि त्या पेटीत काय आहे त्याची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. वही पाच मिनिटांत सापडली. वृक्षारोपणाचे पहिले पान जसे हवे होते तसेच निघाले. गट क्रमांक एक ते आठ, प्रत्येकातली मुले, रोपांची नावे, आखलेल्या गोलाचे माप, आणि शेवटच्या रकान्यात खूण. पाचव्यापुढे, ‘पांढरा दगड.’ खाली हातानेच काढलेला नकाशा, नाला, धुरा आणि आठ गोल. वहीवर तेव्हाच्या मुख्याध्यापकांची सही. एवढे पान दाखवले असते तर आठ कोंडाळ्यांचा प्रश्न तिथेच मिटला असता.

मी पान उलटले.

दुसऱ्या पानावर साहित्य होते. टोपली, फावडी, चुना, दोरी. आणि माझ्याच, तेव्हाच्या जास्त ठळक अक्षरात:

‘दगड – गवळ्याच्या कोंडाळ्यातून आणणे. जवळ पडते. लहान दगड भरपूर. मोठे सोडावेत.’

त्याखाली, सूचना म्हणून:

‘मधल्या ढिगात गंजकी लोखंडी पट्टी १ सापडली. मुलांना इजा होऊ नये म्हणून नाल्यात टाकली. खापऱ्यांचे तुकडे, आतून काळे, बाहेरून लाल. पायाला लागतात. दूर फेकून जागा साफ केली.’

मी खुर्चीत बसले नाही, उभीच होते, आणि तशीच उभी राहिले. नाल्याकडच्या त्या मोठ्या वर्तुळाला गावात गवळ्याचे कोंडाळे म्हणत. जुन्या काळी कोणी गवळी तिथे गुरे कोंडत, असे सगळे सांगत. मीही मानले. गुरे कोंडायच्या जागेचे दगड घ्यायला कोणाला विचारायचे? विदर्भात अशी महापाषाणकाळातली दफने आहेत, मध्ये दगडगोट्यांचा ढीग, आत लोखंड आणि काळी-तांबडी खापरे, हे मला नंतर कळले, एका प्रशिक्षणात, कुठल्या तरी स्लाइडवर. तेव्हा मी ती स्लाइड वहीत उतरवून घेतली. आणि या पानाशी तिचा संबंध जोडला नाही.

म्हणजे सरांची आठ वर्तुळे खोटी होती आणि नववे बहुधा खरे होते. आठ मी रचली होती, आणि ती रचण्यासाठी नवव्याचे काळीज मी मुलांच्या टोपल्यांतून वाहून नेले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोन्ही पानांच्या प्रती काढल्या आणि आधी बरडावर गेले. ज्याचे नुकसान होऊ शकते त्याला आधी सांगायचे, हा माझा नियम आहे. वर्गातही मी तोच पाळते.

तिने पहिले पान वाचले, आपले नाव शोधले, बोट ठेवून हसली. दुसरे पान वाचताना तिचे हसू थांबले.

“हे कायले आणलं?”

“कारण हे त्याच वहीत आहे.”

“मॅडम, साहेब येऊन राह्यले सोमवारी. तुमी पह्यलं पान दाखवा, ते जातीन, माही इहीर सुरू होईन. दुसरं पान दाखवसान त ते म्हणतीन, इथं खरंच काही हाये, आता अख्खं वावर बंद. मग मी काय पेरू, खापऱ्या?”

“विहीर तिसऱ्यात आहे. नववं लांब आहे.”

“तुमाले लांब वाटते. साहेबायले नाई वाटलं त?”

 ती उठून चार पावले गेली, परत आली.

“तुमी शाळेत असतानी आमी एखादं उत्तर खोडून दुसऱ्याचं पाहून लिहिलं, त तुमी अख्खा पेपर कापत होत्या. आता तुमचाच पेपर कापला जाईन. फोटोत तुमी येसान, ‘हिनं मोडलं’ म्हणून. बरं वाटंन?”

“नाही वाटणार,” मी म्हणाले. “पण मी अर्धे पान देणार नाही. दोन्ही देईन, आणि तुझी विहीरही अडू देणार नाही. फीत आहे का घरी?”

“कायची फीत?”

“मोजायची.”

 तिने घरी जाऊन वडिलांची जुनी फीत आणली, कापडी, पुढचा काही भाग फाटलेला. आम्ही त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मोजले. विहिरीच्या खुंट्यांपासून नवव्याच्या जवळच्या दगडापर्यंत, नवव्यापासून नाल्यापर्यंत, आठांपैकी प्रत्येकापासून धुऱ्यापर्यंत. फाटका भाग वजा करत गेलो. ती फारसे बोलली नाही, पण फीत तिने घट्ट धरली. मी घरी जाऊन आराखडा काढला आणि तीन प्रती केल्या. एक साहेबांसाठी, एक तिच्यासाठी, एक सरांसाठी.

सरांकडे मी रविवारी सकाळी गेले. हे काम मला सगळ्यात जड होते. वर्षानुवर्षे तो माणूस सायकलवर शिवार पालथे घालत होता. कोणाच्या विहिरीत नाणे निघाले, कोणाच्या धुऱ्यावर कोरीव दगड आहे, सगळे तो लिहून ठेवी. त्याला कोणी विचारले नव्हते. आता पहिल्यांदा त्याचा फोटो फाट्यावर लागला होता.

बाहेरच्या खोलीत बातमीची कात्रणे काचेत लावलेली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली, आत आवाज दिला, “दोन चहा, एक बिनसाखरेचा.” मी वही उघडून टेबलावर ठेवली. ते चष्मा लावून वाचू लागले, आणि पाचव्या गटापाशी आले तेव्हा त्यांचे बोट थांबले.

“हे तुम्ही आत्ता लिहिलं नसेल कशावरून?”

“शाई बघा, सर. आणि सही.”

“सही करणारे वारले.”

“हो. मुलं जिवंत आहेत. चाळीस नावं आहेत. विचारा.”

चहा आला. कोणी घेतला नाही.

“मॅडम, मी तीस वर्षं इतिहास शिकवला. आता एका झाडं लावायच्या वहीवरून मला खोटं ठरवता? सगळं गाव हसेल. पोरं रस्त्यात म्हणतील, ते पाहा, कडुनिंबाच्या आळ्यात सांगाडे शोधणारे सर चालले.”

“मला हसू येत नाही. पुढचं पान वाचा.”

“वाचायचं काय आता?”

“वाचा, सर.”

त्यांनी वाचले. एकदा, आणि मग चष्मा काढून, वही डोळ्यांजवळ धरून पुन्हा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही, खिडकीबाहेर पाहत राहिले. बाहेर कोणीतरी कापसाच्या पऱ्हाटीच्या मोळ्या टेकवत होते.

“काळी आणि लाल,” ते म्हणाले. “एकच तुकडा, दोन्ही?”

“हो.”

“आणि लोखंड तुम्ही नाल्यात टाकलं.”

“टाकलं.”

त्यांनी वही टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “नववं मी नीट पाहिलंच नाही. इतकं मोडलेलं होतं की मला वाटलं, तेच कोणी हल्ली रचलं असेल. फोटो मी पाचव्यात काढला. ते नीटनेटकं होतं.”

“नीटनेटकं होतं कारण मी रचलं होतं.”

त्यावर ते हसले. छान हसले असे नाही, पण हसले. मी त्यांना आराखड्याची प्रत दिली आणि सांगितले की उद्या साहेब येतील तेव्हा मी दोन्ही पाने देणार आहे, आणि आठ वर्तुळांबद्दल तुम्हीच आधी बोललात तर मला बरे वाटेल. ते ‘हो’ म्हणाले नाहीत. मी बिनसाखरेचा गार चहा पिऊन निघाले.

सोमवारी मी किरकोळ रजा टाकली. नागपूरहून आलेली पुरातत्त्व खात्याची अधिकारी तिशीची होती, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. बरडावर सरपंच, तलाठी, सात-आठ बघे आणि एक जण मोबाईलवर चित्रीकरण करणारा. सरपंचांनी हार आणला होता, तिने तो हातात घेऊन धुऱ्यावर ठेवला.

सर सगळ्यांत पुढे उभे होते. मी वही काढायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“मॅडम, मी जी आठ वर्तुळं सांगितली होती, ती शाळेनं झाडांसाठी रचलेली आहेत. माझी चूक झाली. कागद या मॅडमकडे आहेत.”

सरपंचांनी त्यांच्याकडे असे पाहिले की जणू त्यांनी फ्लेक्सच फाडला. मागून कोणी तरी म्हणाले, “घ्या! मंग फलेक्सचा खर्च कोनं द्यावा?” थोडे हसू झाले. सर वळले नाहीत.

अधिकाऱ्याने पहिले पान पाहिले आणि मान हलवली. एक-दोन कोंडाळ्यांत खाली बसून तिने दगडाच्या बुडाशी बोट घातले. दगड मातीवर ठेवलेले होते, मातीत रुतवलेले नव्हते, एवढे तिने मोठ्याने सांगितले. मग मी दुसरे पान पुढे केले. माझा आवाज स्थिर होता, हे मला नंतर सांगण्यात आले.

तिने वाचून मला विचारले, “लोखंडी पट्टी केवढी होती?”

“वीतभर. एका टोकाला रुंद.”

“नाल्यात नेमकी कुठे टाकली?”

“जांभळाच्या खाली. जांभूळ आता नाही.”

ती नवव्याजवळ गेली.  मोठ्या दगडांची मापे तिने घेतली, फटीतून आत पाहिले, माती चिमटीत घेऊन सोडली. उठून म्हणाली, “हे जुनं असू शकतं. असेलच असं मी आज म्हणणार नाही. मधला भाग काढून टाकलेला असल्यामुळे सांगणं अवघड आहे. उत्खननाचा प्रस्ताव करावा लागेल, तोवर एवढ्या भागाला हात लावायचा नाही.”

“एवढ्या म्हणजे केवढ्या?” माझी विद्यार्थिनी पुढे आली. तिचे दोन्ही हात कमरेवर होते. “बाई, स्पष्ट सांगा. माही इहीर अडते का नाई?”

मी आराखडा अधिकाऱ्याच्या हातात दिला. मापे लिहिलेली होती, फितीचा फाटका भाग वजा केल्याचीही नोंद होती. तिने ती नोंद वाचून माझ्याकडे पाहिले. मग स्वतःच्या फितीने तेच अंतर पुन्हा मोजले. आमच्या आणि तिच्या मापात हातभर फरक निघाला. नवव्याभोवती तिने चुन्याने सीमा आखली, आणि विहीर त्या सीमेच्या बरीच बाहेर आहे, तिथे खोदायला हरकत नाही, असे तलाठ्याला लिहून दिले. अट एकच घातली. तिसऱ्या कोंडाळ्याचे दगड मूळचे नवव्याचे आहेत, ते बांधकामात वापरायचे नाहीत, फोडायचे नाहीत.

“मग मी ते परत नवव्यात ठेवू का?” मी विचारले.

“नका. कुठला दगड कुठला होता तुम्हाला आठवतं?”

“नाही.”

“मग परत ठेवलेत तर आणखी एक बनावट वर्तुळ होईल. बाजूला रचा, आणि यादी करा.”

यादी करा, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगावे लागले.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही तिघे बरडावर होतो. जेसीबी सोमवारी यायचा होता, त्याआधी तिसरे कोंडाळे हलवायचे होते. माझी विद्यार्थिनी दगड उचलून आणत होती, मी ऑइलपेंटने आकडा टाकत होते, लांबी-रुंदी वहीत लिहीत होते. सर फितीचे दुसरे टोक धरून होते. ते स्वतःहून आले होते. वाटेत पानठेल्यावर कोणी तरी त्यांना ‘कडुनिंब सर’ म्हणालेच, असे त्यांनी आल्या आल्या सांगितले, म्हणजे आम्हाला दुसरीकडून कळायला नको.

“ह्याच दगडानं माह्यं नख वाकडं केलं,” ती एका लांबट दगडाला पायाने हलवत म्हणाली. “याले काय नंबर देता?”

“पायाने हलवू नकोस. सतरा.”

“सतराले लय पाप लागंन.”

सरांनी दगड पालथा केला. खालच्या बाजूला मातीत लाल काहीतरी चिकटलेले होते, नखाएवढे. आम्ही तिघेही वाकलो. सरांचा हात पुढे गेला आणि थांबला.

“माती नुसती,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “नाही. मला सांगता येत नाही. तुम्ही लिहा, सांगता येत नाही.”

मी लिहिले. दगड सतरा, खालच्या बाजूस लाल कण, ओळख पटली नाही, पुसलेले नाही. तो कण पुडीत न काढता, जसा होता तसा तो दगड आम्ही उलटा करून सावलीत ठेवला, वर गोणपाट टाकले, आणि अधिकाऱ्याला फोटो पाठवला.

“मॅडम,” सर फीत गुंडाळत म्हणाले, “या वहीत माझं काम काय म्हणून लिहिलंत?”

“फीत धरणे.”

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि अठराव्या दगडाकडे गेले.